चार शब्दांचं वाङ्मय

आमचा मोती दहा वर्षांचा झाला. त्याला घेऊन मी मुंबईत बाग शोधत हिंडतो आणि फाटकावरची पाटी वाचून परत येतो. तेव्हा या वाङ्मयप्रकाराची समीक्षा करायचा अधिकार माझ्याइतका कुणाला असणार?

‘कुत्र्यांना आत आणू नये’ ही यातली गाजलेली कृती. शब्द मोजून चार, शैली रोखठोक. दोष एवढाच, की पात्रांना ती वाचता येत नाही. भटकी मंडळी आत बाकाखाली घोरत असतात आणि लस टोचलेला मोती बाहेर!

याच मुंबईत १८३२ साली भटकी कुत्री मारण्याविरुद्ध पारशी मंडळींनी दंगल केली होती. आज त्यांना धावायला जागा शोधावी लागते. हैदराबादने २०१८ साली कोंडापूरला खास कुत्र्यांची बाग केली, तीही कचऱ्याच्या जागेवर. लागतं तरी काय? कुंपण, लागोपाठ दोन फाटकं, म्हणजे एक लावल्यावरच दुसरं उघडायचं, सावली, पाणी आणि छोट्या कुत्र्यांना निराळा कोपरा.

अर्थात, या पाट्यांचे सहलेखक आपणच. कुत्र्यामागची घाण उचलायला किती जण वाकतात? मीही उशिराच शिकलो.

मोती साखळीवाचून धावला तो एकदाच. पहाटे, आमच्या गच्चीवर. म्हातारा अक्षरशः पिल्लू झाला होता! दुसऱ्या दिवशी दारावर पाटी लागली : ‘कुत्र्यांना गच्चीवर आणू नये.’

शब्द पुन्हा चारच. अक्षर मात्र सेक्रेटरींचं.