राक्षसपटांतील भय

राक्षस, पिशाच्च किंवा प्रचंडकाय श्वापद यांच्याभोवती रचलेले चित्रपट आज इतक्या विपुलतेने निघत आहेत की, पडद्यावर भयाला तोटा नाही असे कोणासही वाटावे. वस्तुस्थिती तशी नाही. यांपैकी बहुतेक चित्रपट पाहताना प्रेक्षक दचकतो, परंतु भीत नाही. दचकणे हा शरीराचा धर्म आहे. शेजारच्या खोलीत भांडे पडले तरी माणूस दचकतो आणि दुसऱ्याच क्षणी ते विसरतो. भय हा मनाचा धर्म आहे. ते चित्रगृहाबाहेर आपल्यासोबत येते आणि निजतेवेळी उशाशी बसते. काही राक्षस असे आपल्या मागोमाग घरी येतात आणि काही तिकिटाच्या दारापर्यंतही येत नाहीत, याचे कारण काय, हा प्रश्न रसिकांनी विचारण्याजोगा आहे.

याचे सर्वसाधारण उत्तर कारागिरीचे दिले जाते. राक्षस हुबेहूब वठला की भय वाटते आणि त्याची शिवण दिसली की हसू येते, असे म्हणतात. हे उत्तर अपुरे आहे. १९५४ साली जपानमध्ये इशिरो होंडा यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘गोजिरा’ या चित्रपटातील राक्षस म्हणजे जड पोशाखात शिरलेला एक माणूस आणि त्याच्या पायाखाली लाकूड-प्लास्टरचे लहानसे टोकियो! हारुओ नाकाजिमा हा नट तो सुमारे १०० किलो वजनाचा पोशाख घालून दिव्यांच्या प्रखर उष्णतेत कसाबसा पावले टाकीत होता. याच राक्षसावर १९९८ साली अमेरिकेत रोलँड एमरिच यांनी चित्रपट काढला, तेव्हा संगणकाच्या साह्याने त्याचे खवले आणि स्नायू बारकाईने रंगविण्यात आले. तरीही चिरकाल मनात राहतो तो पोशाखातला गोजिरा. दुसऱ्याची आठवण आज त्याच्या आकारमानापुरती उरली आहे. तेव्हा भयाचे अधिष्ठान हुबेहूबपणात नसून अन्यत्र शोधले पाहिजे.

ते शोधण्यासाठी फार दूर जाण्याचे कारण नाही. भरतमुनींनी नाट्यशास्त्रात भयानक रसाची जी कारणे सांगितली आहेत, त्यांत विकृत ध्वनी आहे, भूतांचे दर्शन आहे, कोल्ह्या-घुबडांचा त्रास आहे, ओसाड घर व अरण्य आहे. आणि त्यांच्याच पंक्तीला स्वजनांचा वध किंवा बंधन पाहणे किंवा ऐकणे हेही आहे. एकीकडे भूत आणि दुसरीकडे साखळदंडांतला आपला आप्त, या दोहोंना एका सूत्रात गोवण्यात मोठे मर्म आहे. पुढे अभिनवगुप्तांनी भयानक रसाचे उदाहरण म्हणून राक्षसाचे वर्णन घेतले नाही, तर ‘शाकुंतला’च्या प्रथम अंकातील दुष्यंताच्या रथापुढे धावणारे हरिण घेतले. दुष्यंत काही विक्राळ नाही, तो तर नाटकाचा धीरोदात्त नायक. परंतु वारंवार मान वळवून मागे पाहणाऱ्या त्या जीवात भय मूर्तिमंत झाले आहे. भयाचा आस्वाद भिवविणाऱ्याकडे पाहून येत नाही, भिणाऱ्याकडे पाहून येतो, असा याचा सरळ अर्थ आहे. जो दिग्दर्शक सारे द्रव्य आणि कौशल्य राक्षसावर खर्चितो आणि हरणाकडे पाठ फिरवितो, त्याच्या पदरी निराशाच यावयाची.

‘गोजिरा’च्या सामर्थ्याचे रहस्य येथे उकलते. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटावर हायड्रोजन बाँबची चाचणी घेतली आणि ‘दाइगो फुकुर्यू मारू’ या जपानी मासेमारी नौकेवरील २३ जणांवर किरणोत्सारी राख पडली. त्यांतील एक जण सप्टेंबरात मरण पावला आणि नोव्हेंबरात हा चित्रपट पडद्यावर आला. त्याच्या प्रारंभी समुद्रात एक नौका एकाएकी ज्वाळांत नाहीशी होते, तेव्हा जपानी प्रेक्षकाला राक्षसाची ओळख करून देण्याची गरजच नव्हती. पुढे एका बेटावरील वृद्ध कोळी गोजिराची जुनी कथा सांगतो. पूर्वी मासळी मिळेनाशी झाली की त्याला मुलींचा बळी देत. आता त्या प्रथेचे केवळ एक विधिनृत्य उरले आहे. विधी उरला, परंतु ज्याच्यासाठी तो होता ते विस्मृतीत गेले. आणि नेमके तेच आता बाँबने जागे केले. ज्यांच्या गावात जुने उत्सव अजून पाळले जातात, त्यांना या प्रसंगातील शहारा निराळा समजावून सांगावयास नको.

याहून महत्त्वाची गोष्ट अशी की, राक्षस नगर उद्ध्वस्त करून गेल्यावर चित्रपट संपत नाही. कॅमेरा रुग्णालयात येतो. तेथे जमिनीवर जखमी माणसे दाटीने पडलेली आहेत आणि एका बालकाच्या अंगाजवळ किरणोत्सार मोजणारे यंत्र धरले जाते. हेच ते हरिण होय. शेवटी सेरिझावा नावाचा शास्त्रज्ञ आपण शोधलेल्या अस्त्राने गोजिराला मारतो. परंतु तत्पूर्वी आपली टिपणे जाळतो आणि समुद्रतळाशी स्वतःचाही अंत करून घेतो, कारण ती विद्या पुन्हा कोणाच्या हाती पडावी अशी त्याची इच्छा नाही. राक्षस मेल्यानंतरही भय उरते, कारण राक्षसाचा जनक मनुष्य आहे आणि मनुष्य अद्याप जिवंत आहे. १९९८ च्या चित्रपटातही अणुचाचण्यांचा उल्लेख आहे, नाही असे नाही. पण तो केवळ कथेला दार उघडून देण्यापुरता. पुढे ते श्वापद न्यूयॉर्कच्या रस्त्यांतून पळते, एका क्रीडागृहात अंडी घालते आणि शेवटी पुलाच्या तारांत सापडून क्षेपणास्त्रांना बळी पडते. ते कोणाच्याही पापाचे फळ नाही. एखादे वन्य पशू वस्तीत शिरावे आणि वनरक्षकांनी त्याची व्यवस्था लावावी, तसा हा प्रकार. अशा वेळी प्रेक्षक भीत नाही, बातमी ऐकतो.

दुसरा एक सिद्धांत समीक्षकांत रूढ आहे. राक्षस जितका कमी दिसेल तितका अधिक भयप्रद, असे म्हणतात आणि त्यासाठी स्टीव्हन स्पीलबर्ग यांच्या ‘जॉज’ (१९७५) या चित्रपटाचा दाखला देतात. त्यातील यांत्रिक शार्क मासा खाऱ्या पाण्यात वरचेवर बिघडत असे, त्यामुळे दिग्दर्शकाला पुष्कळ वेळ पाण्याचा पृष्ठभाग, पोहणाऱ्यांचे पाय आणि जॉन विल्यम्स यांचे दोन स्वरांचे आवर्तन एवढ्यावरच काम भागवावे लागले. अडचणीतून कला निपजली, हे खरे. भरतमुनींच्या यादीत विकृत ध्वनी अगदी आरंभी का यावा, याचाही खुलासा त्या दोन स्वरांनी होतो. तथापि लपविणे हे साधन आहे, साध्य नव्हे. बंद पेटी पाहून कुतूहल वाटते. भय वाटण्यासाठी त्या पेटीशी आपले काही देणे असावे लागते. ‘जॉज’मध्ये ते देणे आहे. समुद्रात मृत्यू फिरत आहे हे कळूनही उन्हाळी हंगामाचा धंदा बुडू नये म्हणून नगराध्यक्ष किनारा खुला ठेवतो आणि त्या निर्णयाची किंमत एका मातेचे मूल देते. ती माता पोलिस अधिकाऱ्याला सर्वांसमक्ष जाब विचारते, तो क्षण माशाच्या कोणत्याही दर्शनाहून अधिक भेदक आहे. ज्यांनी या चित्रपटापासून केवळ लपविण्याची युक्ती उचलली, त्यांचा राक्षस शेवटी प्रकट झाला की प्रेक्षक ‘एवढेच काय?’ असे म्हणत उठतो.

आता आपल्या परिसराकडे वळू. राही अनिल बर्वे यांचा ‘तुंबाड’ (२०१८) हा चित्रपट हिंदी भाषेत असला, तरी त्याचे घर, पाऊस आणि माणसे कोकणातील आहेत; त्याचे नाव श्री. ना. पेंडसे यांच्या ‘तुंबाडचे खोत’ या कादंबरीवरून घेतलेले आहे आणि कल्पनेचे मूळ नारायण धारप यांच्या कथेत आहे. समृद्धीच्या देवीचा ज्येष्ठ पुत्र हस्तर सोने घेतो आणि धान्याकडे हात नेताच इतर देव त्याच्यावर तुटून पडतात. माता त्याला वाचविते, परंतु त्याची पूजा कधीही होणार नाही या अटीवर. म्हणून तो तिच्या उदरात सोने कवटाळून युगानुयुगे भुकेला पडला आहे. या कल्पनेत दुर्मिळ अशी एक शिस्त आहे. हस्तराला नियम आहेत. कणकेची बाहुली दाखविली की तो येतो, पिठाच्या रेषेपलीकडे जाऊ शकत नाही आणि तो बाहुली खाण्यात गुंतला असता त्याच्या लंगोटातील मोहरा पळविता येतात. राक्षसाला नियम असले म्हणजे तो कमी भयंकर होतो, असा समज आहे. वस्तुतः तो अधिक भयंकर होतो, कारण नियम मोडण्याचा मोह मनुष्याला होतो. ज्याला मर्यादाच नाही, त्याच्याशी झुंजताना मनुष्याची परीक्षा होत नाही. केवळ पळापळ होते.

तथापि या चित्रपटातील सर्वांत भयानक पात्र हस्तर नव्हे, तर आरंभीची ती साखळदंडांनी बांधलेली आजी आहे. १९१८ सालच्या त्या काळोख्या घरात तिला जेवू घालावे लागते आणि ती जागी झाली तर नातवालाच खाऊ पाहते. हस्तराच्या नावानेच तिला निजविता येते. जे शब्द मुलाला निजविण्यासाठी आजीने उच्चारावयाचे, ते येथे मूल आजीला उद्देशून उच्चारते! स्वजनाचे बंधन आणि भूतदर्शन ही भरतांची दोन्ही कारणे येथे एकाच देहात एकत्र आली आहेत. पुढे तोच नातू, विनायक, मोठा होऊन परत येतो, तेव्हा तिच्या देहातून झाड उगवलेले आहे आणि ती अजूनही मेलेली नाही. हे पाहून त्याने पळून जावे. पण तो तिच्याकडून खजिन्याचे रहस्य काढून घेतो. बीभत्सापासून भयानकाची उत्पत्ती होते, हे जे शास्त्रवचन आहे त्याचे याहून समर्पक प्रात्यक्षिक आपल्या पडद्यावर क्वचितच झाले असेल. आजीच्या देहाची आपल्याला किळस येते. भय वाटते ते नातवाचे.

या चित्रपटात दोष नाहीत असे नाही. हस्तराची संपूर्ण कथा प्रारंभीच निवेदनातून सांगून टाकल्यामुळे, जे हळूहळू उमगावे ते आधीच पाठ होऊन बसते. शेवटी बापलेक अनेक बाहुल्या घेऊन विहिरीत उतरतात आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर प्रकट होतात, तेव्हा अर्थ गडद होतो पण भय पातळ होते. लोभाला गुणले की भूकही गुणली जाते, हे गणित निर्दोष आहे. परंतु एका हस्तराच्या एकाकीपणात जो दरारा होता, तो घोळक्यात उरत नाही आणि प्रसंग झटापटीच्या पातळीवर येतो. तरीही अखेरीस विरूप झालेला बाप लंगोट पुढे करतो आणि मुलगा तो नाकारतो, त्या एका नकाराने चित्रपट पुन्हा आपल्या उंचीवर पोहोचतो.

देवळाच्या सावलीत वाढलेल्या वाचकांना या विषयात आणखी एक गोष्ट खटकत असेल. आपल्या भयपटांत देवाचे स्थान कोणते? रामसे बंधूंच्या ‘पुराना मंदिर’ (१९८४) या लोकप्रिय चित्रपटात सामरी नावाचा राक्षस आहे. त्याच्या शापामुळे एका राजघराण्यातील स्त्रिया प्रसूतिसमयी मरण पावतात. पूर्वजाच्या कृत्याचे फळ निरपराध लेकीसुनांनी भोगावे, ही कल्पना खरोखर अंतःकरण हलविणारी आहे. परंतु तिला पुरेसा अवकाश न देता चित्रपट ‘शोले’च्या विडंबनात रमतो आणि शेवटी शिवाच्या त्रिशुळापुढे राक्षस हतबल होतो. देवाच्या आयुधाने राक्षस हरावा, यात आक्षेपार्ह काही नाही. आक्षेप हा की, त्रिशूळ हाती घेणाऱ्याकडून येथे काहीच मागितले जात नाही. ना व्रत, ना त्याग, ना पश्चात्ताप. देऊळ हे शस्त्रागार होते आणि देव कळ दाबताच चालू होणारे यंत्र. अशा चित्रपटाने श्रद्धेचा अपमान होतो की नाही, हा वाद बाजूस ठेवू. त्याने भयाची मात्र हानी होते, हे निश्चित. ज्याचा उतारा फुकट मिळतो, त्या विषाला कोण भितो?

आपल्या परंपरेने भयाशी व्यवहार करताना अशी स्वस्ताई केलेली नाही. आमोण्याचा वेताळ उग्र आहे आणि तोच गावाचा रक्षकही आहे. वेलिंगच्या देवळात ज्याची नित्य पूजा होते तो नृसिंह ना मनुष्य ना पशू, आणि त्याने असुराचा वध केला तो ना दिवसा ना रात्री, उंबरठ्यावर. भयप्रदाची याहून परिपूर्ण मूर्ती कोणता चित्रकार कल्पील? भागवतात हिरण्यकशिपूच्या वधानंतरही तो क्रोध शमत नाही. देव दूर उभे राहतात, प्रत्यक्ष लक्ष्मीही जवळ जाण्यास धजत नाही, आणि जाते ते एक बालक. प्रल्हाद म्हणतो, मला या दाढांचे आणि नखांचे भय वाटत नाही, भय वाटते ते या संसारचक्राचे. उत्तम भयपटाला जे साधावयाचे असते ते हेच: दाढांपासून निघून अंतरंगापर्यंत पोहोचणे. हस्तर पाहून आपण आपल्या लोभाला भ्यालो आणि गोजिरा पाहून मनुष्याच्या विद्येला भ्यालो, तर चित्रपट कृतार्थ झाला.

हा विवेक केवळ चित्रगृहापुरता नाही. गोव्यात नरकचतुर्दशीच्या आदल्या रात्री नरकासुराच्या प्रतिमा उभारून पहाटे जाळण्याची प्रथा आहे. त्यांच्या स्पर्धा होतात, बक्षिसे लागतात, कर्णकर्कश संगीत वाजते आणि असुर उंचच उंच होत जातो; कृष्ण मात्र कोपऱ्यात लहानसा उरतो. तरुणांच्या हस्तकौशल्याचे कौतुक करावे तितके थोडे आहे. परंतु पडद्यावरच्या राक्षसाला जे लागू तेच रस्त्यावरच्या असुरालाही लागू: केवळ उंची वाढविल्याने भय वाढत नाही आणि भय नसले तर पहाटेच्या ज्वाळेला अर्थ राहत नाही. नरकासुराने बंदीत ठेवलेल्या त्या सोळा सहस्र स्त्रियांची आठवण जर एखाद्या मंडळाने जागविली, तर चार हातांचा पुतळाही पुरेसा होईल.