‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ : वाचा आणि भाषा

फ्रँकलिन शॅफनर यांनी दिग्दर्शित केलेल्या ‘प्लॅनेट ऑफ द एप्स’ (१९६८) या चित्रपटाची चर्चा बहुधा त्याच्या अखेरच्या दृश्यापाशी येऊन थांबते. समुद्रकाठी वाळूत अर्धवट गाडला गेलेला स्वातंत्र्यदेवीचा पुतळा दिसताच, आपण पृथ्वीवरच आहोत हे अंतराळवीर टेलर याला उमगते. वास्तविक हा उलगडा त्याला कितीतरी आधी व्हावयास हवा होता. कारण तेथील वानर इंग्रजी बोलतात. परक्या ग्रहावर स्वभाषा ऐकूनही टेलरला नवल वाटल्याचे दिसत नाही, आणि प्रेक्षकही ती पडद्यावरची एक रूढी मानून सोडून देतो. पुतळ्याहून बळकट पुरावा सतत कानांवर पडत असतो, परंतु त्याकडे कोणाचेच लक्ष जात नाही.

पिएर बूल यांच्या ज्या फ्रेंच कादंबरीवर (१९६३) हा चित्रपट आधारलेला आहे, तिच्यात हा प्रश्न टाळलेला नाही. तेथील नायकाची वाचा शाबूत आहे. मात्र वानरांची भाषा निराळी असल्यामुळे त्याचे बोलणे व्यर्थ ठरते. झिरा या संशोधक वानरीपुढे भूमितीच्या आकृती काढून तो आपली बुद्धी पटवून देतो, वानरांची भाषा शिकतो आणि तिला फ्रेंच शिकवितो. पटकथेत ही अडचण दूर करून तिच्या जागी गळ्याची जखम आणली आहे. कादंबरीत वाचा आहे, समान भाषा नाही. चित्रपटात समान भाषा आहे, वाचा नाही.

हा बदल उपकारकही ठरू शकला असता. मुका झालेला टेलर धुळीत अक्षरे काढतो आणि डॉ. झेअस ती काठीने पुसून टाकतात. पुढे टेलर झिराच्या वहीत आपले नाव लिहितो. कंठावाचूनही भाषा असू शकते, हे या प्रसंगांतून स्पष्ट होते. तथापि चित्रपट या निष्कर्षावर स्थिर राहत नाही. जाळ्यात सापडलेल्या टेलरच्या कंठातून शब्द फुटतो, तोच नाट्याचा कळस मानला जातो.

वाचा म्हणजेच भाषा, हा समज जुना आहे. व्हिकी नावाच्या चिंपांझी मादीला बोलावयास शिकविण्याचा प्रयोग १९४७ पासून काही वर्षे चालला. ती चारच शब्द कसेबसे उच्चारू शकली. १९६६ मध्ये गार्डनर दांपत्याने वॉशो या चिंपांझी मादीला खुणांची भाषा शिकविण्यास प्रारंभ केला, तेव्हा प्रश्न कंठाकडून व्याकरणाकडे वळला. त्या खुणांत वाक्यरचना होती काय, हा वाद मिटलेला नाही. कर्णबधिरांच्या बाबतीत मात्र संशयाला जागा नाही. त्यांच्या खुणांना स्वतःची घडण असल्याचे विल्यम स्टोको यांनी १९६० मध्ये दाखवून दिले. तत्पूर्वी, १८८० च्या मिलान परिषदेने त्यांच्या शिक्षणातून याच खुणा हद्दपार करण्याचा ठराव केला होता. झेअस यांच्या काठीने पुसले ते याहून वेगळे नव्हे.

१९७१ च्या उत्तरभागात सांगितलेल्या कथेतील पहिला बोलका वानर ‘नो’ म्हणतो. २०११ च्या चित्रपटातील सीझरचा पहिला उद्गारही तोच. मराठीत या एका शब्दापुढे ‘नको’, ‘नाही’ आणि ‘नव्हे’ असे तीन मार्ग उभे राहतात. सीझरचा उद्गार ‘नको’ या जातीचा आहे. मुका प्राणीही अंग चोरून किंवा दात विचकून तेवढे सांगू शकतो. ‘नव्हे’ला मात्र विधान लागते, म्हणजेच भाषा लागते. न्यायासनासमोर टेलरला सिद्ध करावयाचे असते ते ‘मी पशू नव्हे’ हेच. वाचा परत आलेली असूनही त्याचे म्हणणे तेथे ग्राह्य धरले जात नाही. याचा अर्थ, उणीव बोलणाऱ्यात नसून ऐकणाऱ्यात आहे, हे चित्रपट नकळत सिद्ध करतो.

आणि तरीही नोव्हा व तिचे मूक बांधव यांच्याविषयी चित्रपट कोणतीही चौकशी करीत नाही. त्यांच्या हातवाऱ्यांत काही अर्थव्यवस्था आहे काय, हे ना झेअस पाहतात, ना टेलर. ज्याला कंठ नाही त्याला मन नाही, या निर्णयावर वानर आणि मानव यांचे पूर्ण एकमत आहे. चित्रपटाचे खरे भय पुतळ्यापेक्षा या एकमतात शोधावयास हवे.