पदयात्रा आणि द्रव्यसत्ता : एका स्वयंसेवी नागरिकेच्या आत्मकथनाचा विचार

राजकीय कार्याविषयीचे आत्मकथनपर वाङ्मय बहुतांशी पुढाऱ्यांनी लिहिलेले असते. सभेपूर्वी सतरंज्या अंथरणारा, दारोदार हिंडून सह्या गोळा करणारा, कोणी न मागता एखाद्या सार्वजनिक प्रश्नाचा कैवार घेणारा जो सामान्य मनुष्य, तो या वाङ्मयात 'असंख्य अनुयायी' एवढ्या दोन शब्दांत सामावून जातो. त्यामुळे लोकशाहीच्या अभ्यासकाला कायदे, निवाडे आणि नेत्यांची भाषणे विपुल उपलब्ध होतात. परंतु ज्या श्रमांवर हे सारे उभे असते, त्या श्रमांचे प्रत्यक्ष कथन त्याला क्वचितच वाचावयास मिळते. डोरिस हॅडॉक यांचे डेनिस बर्क यांच्या सहकार्याने लिहिलेले 'ग्रॅनी डी : वॉकिंग ॲक्रॉस अमेरिका इन माय नाइन्टिएथ इयर' (2001) हे पुस्तक या दृष्टीने विचारात घेण्याजोगे आहे. त्याचे गुण पुष्कळ आहेत. परंतु त्याची मर्यादाही त्याच्या गुणांतूनच उद्भवलेली आहे, असे दाखविण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न आहे.

प्रथम वस्तुस्थिती. हॅडॉक यांचा जन्म 24 जानेवारी 1910 रोजी न्यू हॅम्पशायर या राज्यात झाला. त्यांनी एका पादत्राणांच्या कारखान्याच्या कचेरीत अनेक वर्षे नोकरी केली आणि निवृत्तीनंतर त्याच राज्यातील डब्लिन या लहानशा गावी वास्तव्य केले. सार्वजनिक कार्य त्यांना नवे नव्हते. अलास्कात हायड्रोजन बाँबच्या स्फोटांनी बंदर खोदण्याची जी योजना आखली गेली होती, तिला 1960 च्या सुमारास विरोध करणाऱ्यांत त्या व त्यांचे पती हे दोघेही होते. 1995 मध्ये मॅकेन आणि फाइनगोल्ड या सिनेटरांनी पुढे आणलेली निवडणूकनिधीविषयक सुधारणा यशस्वी झाली नाही, तेव्हा या बाईंनी मैत्रिणींच्या साहाय्याने सह्यांचे अर्ज गोळा करण्याचे काम हाती घेतले. त्या अर्जांनी सत्ताधाऱ्यांवर काही परिणाम होत नाही असे दिसून आल्यावर, 1 जानेवारी 1999 रोजी, वयाच्या अठ्ठ्याऐंशीव्या वर्षी, त्या कॅलिफोर्नियातील पॅसाडीना येथून पायी निघाल्या. संधिवात आणि फुप्फुसाचा विकार सोबत होते. मोहावीचे वाळवंट ओलांडल्यानंतर त्यांना रुग्णालयात राहावे लागले. मेरीलँडमध्ये हिमवर्षावाने रस्ता अडला, तेव्हा जुन्या कालव्याच्या काठाने त्या बर्फावरील पट्ट्यांवरून पुढे सरकल्या. सुमारे 3,200 मैलांचे अंतर तोडून 29 फेब्रुवारी 2000 रोजी त्या वॉशिंग्टनला पोहोचल्या.

या पुस्तकाची घाट प्रवासवर्णनाची आहे. वाटेतील गावे, भेटणारी माणसे आणि मधूनमधून येणाऱ्या गतायुष्यातील आठवणी यांची वीण त्यात आहे. आता ज्या विषयासाठी हा खटाटोप झाला, तो विषय कथनाला अत्यंत प्रतिकूल आहे, हे लक्षात घेतले पाहिजे. अमेरिकेत 1907 च्या टिलमन कायद्याने कंपन्यांना केंद्रीय निवडणुकीतील उमेदवारांस देणग्या देण्यास मनाई केली होती. परंतु पक्षबांधणीच्या नावाखाली राष्ट्रीय पक्षांना हव्या तेवढ्या रकमा देण्याची एक पळवाट पुढे निघाली आणि 'सॉफ्ट मनी' या नावाने ती रूढ झाली. ही गोष्ट हिशेबनिसाला समजेल; शेतावरच्या मनुष्याला ती का खुपावी? हॅडॉक यांचे यश असे की, त्यांनी ती चर्चेच्या पातळीवरून अनुभवाच्या पातळीवर आणली. आपल्या मताला आणि आपल्या अर्जाला किंमत उरलेली नाही, ही भावना वाटेत भेटणाऱ्या साध्या माणसांच्या मनात आधीच होती. तिचा पक्षनिधीच्या व्यवस्थेशी असलेला संबंध दाखवून देणे, एवढेच काम बाईंना करावयाचे होते. आणि ते त्यांनी उपदेशकाचा आव न आणता केले. लोकशिक्षण या शब्दाचा खरा अर्थ हाच होय.

मराठी वाचकाला येथे पदयात्रेची परंपरा आठवल्यावाचून राहणार नाही. निवारा मिळेपर्यंत चालावयाचे आणि अन्न मिळेपर्यंत उपाशी राहावयाचे, असा यात्रेकरूचा नेम बाईंनी पत्करला होता. 1951 मध्ये पोचमपल्लीपासून सुरू झालेल्या विनोबांच्या भूदानयात्रेशी याचे बाह्य साम्य उघड आहे. तथापि हे साम्य फार ताणणे योग्य होणार नाही. विनोबा ज्याच्या दारी जात, त्याच्याचपाशी मागत. जमीन देणारा आणि हृदयपरिवर्तन व्हावयाचे तो, हे दोघे एकच होते. हॅडॉक ज्यांच्या दारी गेल्या, त्यांच्याजवळ देण्याजोगे काहीच नव्हते. द्यावयाचे होते ते कायदेमंडळाने, आणि ते तर अखेरच्या मुक्कामी बसलेले होते. वारकऱ्याच्या वाटचालीला पंढरपुरी पोहोचल्यावर साफल्य लाभते. या वाटचालीला मुक्कामी पोहोचल्यानंतर केवळ आरंभ होणार होता. हा भेद पुस्तकात पुरेसा स्पष्ट झालेला नाही. यात्रेचा रूपबंध स्वीकारल्यामुळे अंतिम पोहोचणे हाच कथेचा उत्कर्षबिंदू ठरतो, आणि मार्च 2002 मध्ये कायदा संमत होईपर्यंतचे जे खरे किचकट राजकारण, ते पुस्तकाच्या चौकटीबाहेर राहते.

याहून महत्त्वाचा आक्षेप असा की, या पुस्तकात यात्रेकरूने कार्यकर्त्याला झाकून टाकले आहे. नव्वदीतील स्त्रीने एक खंड पायी ओलांडणे ही अलौकिक घटना आहे. म्हणूनच ती अनुकरणीय नाही. जे अनुकरणीय होते, ते पहिल्या टप्प्यात होते : गावातील मैत्रिणींचे अभ्यासमंडळ, विषय समजून घेण्याची धडपड, सह्यांचे अर्ज आणि लोकप्रतिनिधींशी पत्रव्यवहार. हे सारे निष्फळ ठरले म्हणून यात्रा निघाली, असा कथेचा ओघ आहे. परंतु ते खरोखर निष्फळ होते काय? ज्या स्त्रीने विषयाचा असा अभ्यास केला नसता, तिला वाटेतल्या माणसांशी बोलण्यासारखे काय उरले असते? दररोज दहा मैल चालण्याची शक्ती दुर्मिळ आहे. गावच्या वाचनालयात दहा माणसे जमवून पक्षांच्या जमाखर्चाचे वाचन करण्याची शक्ती दुर्मिळ नाही. ही दुसरी शक्ती पुस्तकात असावयास हवी तेवढी उजळून निघत नाही.

मोंटाना राज्याचा इतिहास या संदर्भात पूरक ठरतो. तेथील तांब्याच्या खाणींचे मालक विधिमंडळावर इतके प्रभावी झाले होते की, विल्यम क्लार्क यांनी 1899 मध्ये सिनेटचे सदस्यत्व लाच देऊन मिळविल्याचे प्रकरण राष्ट्रभर गाजले. यावर उपाय म्हणून 1912 मध्ये तेथील मतदारांनी स्वतःच्या उपक्रमाधिकाराने कायदा करून कंपन्यांच्या निवडणूकखर्चास बंदी घातली. हा कायदा करणाऱ्यांत कोणी लोकविलक्षण यात्रेकरू असण्याची आवश्यकता नव्हती. सह्या मिळविणारे आणि मतदानास जाणारे लोक पुरेसे ठरले. तो कायदा सुमारे शंभर वर्षे टिकला.

तो मोडला कसा, हे पाहिले म्हणजे पुस्तकाची दुसरी, वैचारिक मर्यादा ध्यानात येते. 21 जानेवारी 2010 रोजी 'सिटिझन्स युनायटेड' खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार अशा मतांनी निर्णय दिला की, कंपन्यांना निवडणुकीच्या प्रचारावर स्वतंत्रपणे कितीही खर्च करण्याचा अधिकार भाषणस्वातंत्र्यात अंतर्भूत आहे. उमेदवाराशी संगनमत न करता केलेल्या खर्चातून भ्रष्टाचार उद्भवत नाही, हे बहुमताच्या निवाड्यातील मुख्य प्रमेय होते. त्याच आधारावर जून 2012 मध्ये मोंटानाचा कायदाही रद्दबातल झाला. आता हॅडॉक यांची सारी भूमिका भ्रष्टाचाराच्या कल्पनेवर उभी आहे. पैसा देणारा काही मिळविण्यासाठी देतो आणि घेणारा मिंधा होतो, हे त्यांचे म्हणणे नैतिक दृष्ट्या सबळ आहे. परंतु भ्रष्टाचार म्हणजे रोख देवघेव, अशी त्या शब्दाची व्याप्ती न्यायालयाने आकुंचित केली की, ही सारी भाषा निःशस्त्र होते. मग राजकीय समतेचा युक्तिवाद हाती घ्यावा लागतो : कोणी लाच दिली वा न दिली, कंपनीच्या तिजोरीपुढे एका नागरिकाच्या आवाजाचे वजन किती उरते? हा प्रश्न बाईंच्या अनुभवात ठायी ठायी आहे; त्यांच्या विवेचनात तो क्वचितच वर येतो.

या ठिकाणी मुंबई उच्च न्यायालयाच्या 1957 च्या एका निर्णयाचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. राजकीय पक्षांना देणग्या देता याव्यात म्हणून टाटा आयर्न अँड स्टील कंपनीने आपल्या नियमपत्रात दुरुस्ती करू इच्छिली आणि जयंतीलाल रणछोडदास कोटिचा या भागधारकाने तिला विरोध केला. तत्कालीन कायद्यानुसार न्यायालयाने दुरुस्तीस मान्यता दिली. परंतु मुख्य न्यायमूर्ती छागला यांनी या प्रथेतून लोकशाहीच गुदमरून जाण्याचा धोका आहे, असा निःसंदिग्ध इशारा देऊन संसदेचे लक्ष त्याकडे वेधले. येथे कोणावर लाचेचा आरोप नव्हता. धोका व्यवस्थेत आहे, व्यक्तीच्या चारित्र्यात नव्हे, हे छागलांनी ओळखले होते. आणि हा विषय न्यायालयापुढे आला तो एका भागधारकाच्या हरकतीमुळे, हेही विसरता कामा नये.

पुढील इतिहास सर्वपरिचित आहे. 1960 मध्ये अशा देणग्यांवर मर्यादा आली. 1969 मध्ये त्यांवर संपूर्ण बंदी आली, परंतु त्यामुळे पैसा न थांबता हिशेबाबाहेर गेला, असे बहुतेक अभ्यासक मानतात. 1985 मध्ये बंदी उठली. 2013 च्या कंपनी कायद्याने तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या साडेसात टक्क्यांची मर्यादा घातली होती. ती 2017 मध्ये काढून टाकण्यात आली आणि 2018 मध्ये निवडणूक रोख्यांची योजना अमलात आली. 15 फेब्रुवारी 2024 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायाधीशांच्या पीठाने ही योजना आणि अमर्याद देणग्यांची मुभा या दोहोंना घटनाबाह्य ठरविले. व्यक्तीपेक्षा कंपनीचा प्रभाव अधिक गंभीर स्वरूपाचा असतो, ही गोष्ट त्या निवाड्यात स्पष्टपणे मान्य झाली आहे. अमेरिकेतील न्यायालयाने जो समतेचा युक्तिवाद नाकारला, त्याला भारतीय न्यायालयात स्थान मिळाले, हा फरक तौलनिक अभ्यासाला आव्हान देणारा आहे.

यावर कोणी असे विचारील की, अखेर सर्व काही न्यायाधीशांच्या संख्येवर ठरत असेल, तर गावोगावच्या स्वयंसेवी कार्यकर्त्याने झिजावे कशासाठी? हॅडॉक यांचे निधन 9 मार्च 2010 रोजी, म्हणजे त्या प्रतिकूल निवाड्यानंतर सातव्या आठवड्यात झाले. त्यांचे श्रम वाया गेले असे म्हणण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. तथापि हा निष्कर्ष घाईचा होईल. राष्ट्रीय पक्षांना मिळणाऱ्या 'सॉफ्ट मनी'वर 2002 च्या कायद्याने घातलेली बंदी त्या निवाड्याने उठविली नाही. पैशाने दुसरी वाट शोधली, हे खरे; परंतु एक वाट बंद झाली, हेही खरे. मोंटानातील मतदारांनी 2012 च्या नोव्हेंबरात कंपन्यांना नागरिकांचे अधिकार नसावेत, या भूमिकेला सुमारे पंचाहत्तर टक्के मतांनी पाठिंबा दिला. 2014 च्या जानेवारीत न्यू हॅम्पशायरमध्ये बाईंच्या स्मरणार्थ याच प्रश्नावर लोकांनी पदयात्रा काढली. भारतातील 2024 चा निवाडाही असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स व कॉमन कॉज यांसारख्या स्वयंसेवी संस्थांनी याचिका चिकाटीने लढविल्यामुळेच शक्य झाला. न्यायालय उत्तर देते; प्रश्न नागरिकालाच विचारावा लागतो.

शिवाय निवाड्याने काम संपत नाही. मार्च 2024 मध्ये रोखे घेणाऱ्यांच्या आणि वटविणाऱ्या पक्षांच्या याद्या प्रसिद्ध झाल्या. त्या वाचणे, आपल्या जिल्ह्यातील ठेके, खाणी, परवाने यांच्याशी त्या ताडून पाहणे आणि जे आढळेल ते अतिशयोक्ती न करता शेजाऱ्याला सांगणे, हे काम दिल्लीतील वकील करू शकणार नाही. त्यासाठी स्थानिक कैवारीच हवा. आणि त्याला राग पुरणार नाही, अभ्यास लागेल. केवळ देणगी आणि ठेका एकापाठोपाठ आले म्हणून लाच सिद्ध होत नाही, हा विवेक त्याच्या ठिकाणी नसेल, तर त्याचा कैवार आरोपबाजीत संपेल.

वाङ्मयीन दृष्टीने 'ग्रॅनी डी' हे पहिल्या प्रतीचे आत्मकथन आहे, असे म्हणता येणार नाही. त्यातील चिंतन पुष्कळदा सुभाषितांच्या वळणाने जाते आणि प्रश्नाची रचना उलगडण्यापूर्वीच समाधान पावते. परंतु एका दुर्बोध सार्वजनिक विषयाला मानवी चेहरा देण्याचे जे काम शास्त्रीय ग्रंथांना जमत नाही, ते या पुस्तकाने केले आहे. राज्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने ते छागलांच्या निर्णयाशेजारी ठेवून वाचावे. एकात व्यवस्थेचे निदान आहे, पण त्यासाठी चालणारा मनुष्य नाही. दुसऱ्यात चालणारा मनुष्य आहे, पण निदान अपुरे आहे. आपल्याकडे या प्रश्नावर जिल्ह्याजिल्ह्यांतून ज्यांनी काम केले असेल, त्यांच्या टिपणवह्या, पत्रे आणि अर्ज यांचा शोध घेऊन ते जतन करणे, हे संशोधकांपुढील एक उघड कार्य आहे. पक्षनिधीचा इतिहास आजवर देणारे आणि घेणारे यांच्या बाजूने लिहिला गेला. हिशेब मागणाऱ्याच्या बाजूने तो अद्याप लिहावयाचा आहे.