पहिल्या चित्रपटाचे सत्कार

जानेवारी २०२५ मध्ये रोहन कानवडे यांच्या ‘साबर बोंडं’ला सनडान्स महोत्सवात जागतिक कथापट विभागाचे ग्रँड ज्युरी पारितोषिक मिळाले आणि आपल्याकडे नेहमीची धांदल उडाली. झेंडा, सातासमुद्रापार, अटकेपार असे ठेवणीतले सगळे शब्द बाहेर निघाले. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकासाठी गावी आलेला मुंबईचा तरुण आणि त्याचा गावाकडचा मित्र यांच्यातले प्रेम कानवडे इतक्या संथपणे, कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी ठेवून का सांगतात, या प्रश्नात मात्र फार कुणाला रस दिसला नाही. २०१४ मध्ये चैतन्य ताम्हाणे यांच्या ‘कोर्ट’च्या वाट्याला हेच आले होते. आपण पुरस्काराचे कौतुक करतो आणि चित्रपट पाहायचा राहून जातो. दिग्दर्शकाचा सत्कार करतो आणि त्याने पुढे काय करायचे हे त्याच्या नशिबावर सोडून देतो. मराठी चित्रपटाच्या आजच्या अवस्थेबद्दल बोलायचे तर या सवयीबद्दल बोलावे लागेल, आणि त्यासाठी ताम्हाणे यांच्या वाटचालीइतके बोलके उदाहरण दुसरे नाही.

गेल्या दशकातल्या बाकीच्या प्रवाहांवर फार शाई खर्च करण्याचे कारण नाही. शिवकालीन युद्धपटांच्या रांगेने इतिहासाचे ओझे तलवारींच्या खणखणाटावर टाकले आणि माणसांना घोषणा देण्यापलीकडे काम ठेवले नाही. कौटुंबिक विनोदपटांना प्रेक्षक मिळतो, पण त्यातली दृश्ये आजही रंगमंचावरची वाटतात. ‘सैराट’नंतर गावाकडच्या प्रेमाच्या ज्या नकला निघाल्या, त्यांनी गाणी उचलली आणि शेवटाची शांतता मागे ठेवली. खरे काम झाले ते वेगळ्या ठिकाणी. उमेश कुलकर्णी यांचा ‘विहीर’, नागराज मंजुळे यांचा ‘फँड्री’, अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’, अक्षय इंडीकर यांचा ‘स्थलपुराण’ आणि आता ‘साबर बोंडं’ ही एक ओळ आहे. माणूस आणि त्याच्या भोवतीची जागा यांच्याकडे उतावीळ न होता पाहणे हा या दिग्दर्शकांना जोडणारा धागा आहे. ताम्हाणे यांनी तो सर्वांत पुढे नेला.

१९८७ साली मुंबईत जन्मलेल्या या दिग्दर्शकाचा ‘कोर्ट’ २०१४ मध्ये व्हेनिसला दाखवला गेला, तेव्हा त्यांचे वय सत्तावीस होते. तिथे ओरिझोंती विभागातील सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा आणि पदार्पणाचा असे दोन पुरस्कार मिळाले. पुढे सुवर्णकमळ मिळाले आणि ऑस्करसाठी भारतातर्फे त्याचीच निवड झाली. हे सगळ्यांना ठाऊक आहे. त्यामानाने कमी बोलले गेले ते त्याच्या रचनेबद्दल. शाहीर नारायण कांबळे यांच्या पोवाड्यामुळे एका गटार सफाई कामगाराने आत्महत्या केली, असा आरोप आहे. न्यायालयपटाच्या रूढ साच्यात इथून जोरदार युक्तिवाद, दुष्ट सरकारी वकील आणि शेवटी सत्याचा जय अपेक्षित असतो. ताम्हाणे यांनी तो साचाच बाजूला ठेवला. सरकारी वकील नूतन कोर्टातून निघते, लोकलने घरी जाते, पाळणाघरातून मुलाला घेते, स्वयंपाक करते. गीतांजली कुलकर्णी यांनी तिला इतके ओळखीचे केले आहे की तिचा राग यावा कसा, हा प्रश्न पडतो. आणि हीच बाई सहकाऱ्यांशी बोलताना सहज म्हणते, की न्यायाधीशांनी वीस वर्षे देऊन हे प्रकरण एकदाचे संपवावे. या बोलण्यात द्वेषाचा लवलेशही नाही, म्हणून ते जास्त भयंकर आहे. अन्यायाला खलनायक लागत नाही, त्याला फक्त आपापली कामे वेळेवर उरकणारी सज्जन माणसे लागतात, हे मराठी पडद्यावर इतक्या स्पष्टपणे कुणी मांडले नव्हते.

त्यातही मृत कामगाराच्या पत्नीची साक्ष पुन्हा पुन्हा पाहण्यासारखी आहे. नवरा मॅनहोलमध्ये दगड टाकायचा आणि झुरळे वर आली तर आत विषारी वायू नाही असे समजून उतरायचा, हे ती कोणत्याही आक्रोशाशिवाय सांगते. वासामुळे दारू प्यायचा, वायूमुळे एक डोळा गेला होता, सुरक्षेचे साहित्य मिळत नव्हते, ही उत्तरेही त्याच सुरात येतात. पार्श्वसंगीत नाही, तिच्या चेहऱ्यावर झेपावणारा कॅमेरा नाही. दुसऱ्या कुठल्याही दिग्दर्शकाने इथे व्हायोलिन वाजवले असते आणि प्रेक्षकाला रडून मोकळे होऊ दिले असते. ताम्हाणे ती सवलत देत नाहीत. आणि शेवट? खटल्याचा निकाल लागण्याआधीच कोर्टाला सुट्टी लागते, दालनातले दिवे एकामागून एक विझतात, आणि आपण सहलीला गेलेल्या न्यायाधीशांसोबत जातो. स्लीव्हलेस कपडे घातले म्हणून पक्षकार बाईची सुनावणी नाकारणारा हा गृहस्थ, ज्याचा मुलगा बोलत नाही अशा ओळखीच्या माणसाला अंकशास्त्र आणि खड्यांचा सल्ला देतो. कायद्याच्या पुस्तकामागे कोणते मन निर्णय देत होते, हे इथे उघड होते. शेवट उगाच लांबला म्हणणाऱ्यांनी हा धागा पाहिलाच नाही.

‘द डिसायपल’ (२०२०) हा त्याहून अवघड चित्रपट. व्हेनिसच्या मुख्य स्पर्धेत ‘मान्सून वेडिंग’नंतर, म्हणजे २००१ नंतर, आलेला हा पहिला भारतीय चित्रपट, पटकथेचा पुरस्कार आणि फिप्रेसीचा पुरस्कार त्याला मिळाला. शरद नेरुळकर हिंदुस्थानी संगीतात आयुष्य घालतो आणि त्याच्याकडे ती प्रतिभा नाही. बस, एवढेच. आपल्याकडे कलावंतावरचा चित्रपट म्हणजे थोराचे चरित्र: उपेक्षा, साधना, विजय. न जमलेल्या साधकाचे काय, हा प्रश्न विचारायला धैर्य लागते, कारण बहुसंख्य साधक तेच असतात. शरद आणि त्याचे गुरू यांच्या भूमिका करणारे आदित्य मोडक आणि अरुण द्रविड हे स्वतः गायक असल्यामुळे गळ्यातला कमीपणा अभिनयाने नव्हे तर स्वरानेच ऐकू येतो. रात्री मोटारसायकलवरून जाताना शरद त्याच्या गुरूंच्या गुरू असलेल्या माईंची व्याख्याने ऐकतो. सुमित्रा भावे यांच्या आवाजातला तो त्यागाचा, शुद्धतेचा उपदेश त्याला उभारी देतो आणि हळूहळू पिळतोही. संगीताचा संग्राहक माईंच्या दंतकथेला तडा देतो तेव्हा शरद त्याच्या तोंडावर पाणी फेकतो, आणि आपल्याला कळते की हा राग माईंसाठी नाही, स्वतःच्या वाया गेलेल्या वर्षांसाठी आहे. गुरुशिष्य परंपरेवर इतक्या आदराने आणि इतक्या निष्ठुरपणे एकाच वेळी बोलणारी दुसरी मराठी कलाकृती शोधावी लागेल.

यावर ठरलेले आक्षेप आहेत आणि त्यांना उत्तर दिलेच पाहिजे. पहिला असा, की हे चित्रपट थंड आहेत. दुरून पाहणे म्हणजे अलिप्त राहणे, अशी समजूत त्यामागे आहे. ताम्हाणे यांचा कॅमेरा लांब उभा राहतो तो सर्व माणसांना चौकटीत समान जागा मिळावी म्हणून. चौकटीच्या कडेला बसलेला, पुढच्या खटल्याची वाट पाहणारा अनामिक पक्षकारही तिथे दिसतो. कुणाकडे पाहायचे हे प्रेक्षकावर सोपवणे यात प्रेक्षकाविषयी आदर आहे. दुसरा आक्षेप असा, की हे परदेशी महोत्सवांसाठी बनवलेले चित्रपट आहेत. हा तर सरळ खोटा आहे. नूतनच्या मराठीतला आणि शाहिराचे वकील व्होरा यांच्या इंग्रजीतला वर्गभेद, नाटकाच्या प्रयोगात परप्रांतीयांवरच्या विनोदाला मिळणारा हशा, संभाजी भगत यांच्या शाहिरीचा ठसका, मैफिलीतल्या अर्ध्या रिकाम्या खुर्च्या: हे व्हेनिसच्या प्रेक्षकाला उपशीर्षकांतून जेवढे कळते, त्याच्या कितीतरी पट दादरच्या किंवा नाशिकच्या प्रेक्षकाला कळते. हे चित्रपट आपल्यासाठीच आहेत. आपण त्यांना परके ठरवले, म्हणून ते परदेशात आधी पाहिले गेले.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर: दहा वर्षांत दोनच चित्रपट, याला कारकीर्द म्हणायचे का? इथेच दोष दिग्दर्शकाकडून आपल्याकडे सरकतो. संदीप सावंत यांच्या ‘श्वास’ने २००४ मध्ये मराठी चित्रपटाला पुन्हा मान मिळवून दिला, त्यांचा पुढचा ‘नदी वाहते’ आला २०१७ मध्ये. ‘टिंग्या’नंतर मंगेश हाडवळे हिंदीत गेले. ‘किल्ला’ला बर्लिनमध्ये क्रिस्टल बेअर मिळाल्यानंतर अविनाश अरुण यांनी दिग्दर्शित केलेला पुढचा चित्रपट ‘थ्री ऑफ अस’ हिंदीत झाला. मंजुळे यांचा दुसरा चित्रपट ‘सैराट’ होता हे खरे, पण तो अपवाद आहे. आणि शंभर कोटींच्या पुढे गेलेल्या त्या दिग्दर्शकानेही तिसरा चित्रपट, ‘झुंड’, हिंदीतच केला. एकेकाची कारणे वेगळी असतील. तरी इतकी माणसे एकाच वळणावर थांबतात किंवा वळतात, तेव्हा रस्त्याकडे पाहावे लागते.

पहिल्यानंतरच्या चित्रपटांचे मोल नाशिककरांना तर सांगायलाच नको. १९१३ च्या मे महिन्यात ‘राजा हरिश्चंद्र’ झळकला आणि त्र्यंबकच्या दादासाहेब फाळक्यांनी लगेच नाशिकला येऊन पुढच्या चित्रपटांना हात घातला. ‘मोहिनी भस्मासुर’, ‘सत्यवान सावित्री’, मग १९१७ चा ‘लंका दहन’, आणि १९१८ मध्ये नाशिकमध्येच हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी. फाळक्यांना आपण पहिल्या चित्रपटासाठी वंदन करतो. पण भारतीय चित्रपट उभा राहिला तो त्यांच्या दुसऱ्या, तिसऱ्या, दहाव्या चित्रपटामुळे. धंदा, भांडवल आणि कारागीर यांची सलगता त्यांनी निर्माण केली. त्यांचे नाव स्मारकांना देणाऱ्या राज्याने ती सलगता आजच्या तरुणांना देण्याचा विचार केलेला नाही.

सरकारचे अनुदान पूर्ण झालेल्या चित्रपटाला श्रेणी लावून मिळते. पण ‘कोर्ट’ जन्मला तो त्याआधी: विवेक गोम्बर यांनी ताम्हाणे यांना लेखनासाठी दरमहा पैसे दिले आणि पुढे निर्माता म्हणून मागे उभे राहिले. म्हणजे मराठीतला एक सर्वोत्कृष्ट चित्रपट एका मित्राच्या विश्वासावर झाला. प्रत्येक दिग्दर्शकाला असा मित्र मिळेल, यावर एखाद्या भाषेची कला चालू शकत नाही. पटकथा लिहिण्याच्या काळासाठी पैसा, आणि पहिल्या चित्रपटाने स्वतःला सिद्ध केलेल्याला दुसऱ्यासाठी थेट पाठबळ, ही मागणी अवास्तव नाही. पडद्यांचेही तेच. मल्टिप्लेक्सनी मराठी चित्रपटाला प्राइम टाइम द्यावा असे सरकारने २०१५ मध्ये सांगितले. पण नाशिकच्या जेल रोडवर राहून पाळीत काम करणाऱ्या माणसाला सकाळी अकराचा एकच खेळ देऊन ‘प्रेक्षक येत नाही’ म्हणणे ही फसवणूक आहे. ‘द डिसायपल’ तर इथल्या चित्रपटगृहांत लागलाच नाही, थेट नेटफ्लिक्सवर आला. घरोघरी पोहोचला की, असे कुणी म्हणेल. तानपुऱ्याचा नाद आणि रात्रीच्या मुंबईची ती लांब चौकट मोबाइलच्या पडद्यावर पोहोचत नाही. पोहोचतो तो फक्त गोषवारा.

समीक्षकही सुटत नाहीत. ‘फेस्टिव्हल फिल्म’ हा शिक्का आम्हीच तयार केला आणि तो वितरकांच्या हातात दिला. आता तो फेकून द्यायला हवा. ‘साबर बोंडं’बद्दल लिहिताना पुरस्कार एका वाक्यात संपवावा आणि उरलेली जागा त्यातल्या माणसांना, चौकटींना, शांततेला द्यावी. आणि कानवडे यांना हार घालायला जाणाऱ्या प्रत्येक मंत्र्याला, निर्मात्याला, चित्रपटगृहाच्या मालकाला एकच प्रश्न विचारावा: यांच्या दुसऱ्या चित्रपटासाठी तुम्ही काय देणार आहात? ज्याच्याकडे उत्तर नसेल त्याने हार घालू नये.