गोवराची हातचलाखी

गोवराचे पुरळ सगळ्यांना दिसते. या विषाणूचे खरे कसब मात्र कातडीखाली चालते. त्याचा सुगावा पहिल्यांदा लागला व्हिएन्नाचे बालरोगतज्ज्ञ क्लेमेन्स फॉन पिर्के यांना. क्षयाच्या जंतूंशी आधी गाठ पडलेल्या मुलाच्या कातडीवर ट्युबरक्युलिन (त्या जंतूंचा अर्क) लावले की तिथे लालसर गाठ उठते, ही चाचणी त्यांनीच १९०७ मध्ये बसवली. गोवर अंगावर असताना त्याच मुलांची कातडी कोरी राहते, हे त्यांनी १९०८ मध्ये नोंदवले. विषाणू प्रयोगशाळेत हाती यायला अजून ४६ वर्षे होती. जे उठले नाही ते टिपणारी नजर किती तयारीची असेल!

आता विषाणूचा मार्ग पाहा. तो पेशीत शिरतो सीडी१५० या प्रथिनाला धरून. जपानी संशोधकांनी हे २००० साली दाखवले. हे प्रथिन स्मृतिपेशींवर विशेष ठळक असते. म्हणजे जुन्या आजारांची ओळख जपणाऱ्या पेशीच नेमक्या त्याच्या तावडीत सापडतात. बाहेर पडताना तो श्वसनमार्गाच्या अस्तरावरचे नेक्टिन-४ हे दुसरेच प्रथिन, तेही आतल्या बाजूने, धरतो आणि खोकल्यावाटे पुढच्या घरी जातो. यायचे दार एक, जायचे दुसरे. आणि दोन्ही किती अचूक निवडलेली!

याहून बारीक खुबी पुढे आहे. पुरळ उठते त्या सुमारास रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी घटतात, पण थोड्याच दिवसांत आकडा पूर्ववत होतो. रिपोर्ट पाहणारा निर्धास्त होतो. प्रत्यक्षात गेल्या त्या जाणत्या पेशी, आणि गर्दी झाली ती गोवराविरुद्ध उभ्या राहिलेल्या नव्या पेशींची. हजेरीपट भरलेला, वर्गातली मुले मात्र बदललेली. पुरावा इतक्या बेमालूमपणे झाकणारा चोर विरळाच.

तो पकडला २०१९ च्या एका अभ्यासाने. नेदरलँड्समधल्या २०१३ च्या साथीआधी आणि साथीनंतर, लस न घेतलेल्या ७७ मुलांचे रक्त जपून ठेवलेले होते. संशोधकांनी असंख्य विषाणूंच्या प्रथिनांचे तुकडे बॅक्टेरियोफेजांच्या (जिवाणूंना ग्रासणाऱ्या विषाणूंच्या) अंगावर मांडले आणि रक्तातली प्रतिपिंडे कोणकोणत्या तुकड्यांना धरतात ते पाहिले. गोवरानंतर या प्रतिपिंडांच्या संग्रहातला ११ ते ७३ टक्के भाग नाहीसा झालेला होता. गोवराची लस घेतलेल्या मुलांत अशी झीज दिसली नाही. पेशी किती, यावर न थांबता त्यांना काय आठवते, हे विचारण्यातच या प्रयोगाची सारी नजाकत आहे.

आणि विषाणूचा शेवटचा विरोधाभास असा, की बाकी सारे पुसणारा गोवर स्वतःची खूण मात्र पक्की ठेवतो. १८४६ मध्ये फॅरो बेटांवर साथ आली, तेव्हा १७८१ च्या साथीत गोवर होऊन गेलेले वृद्ध तिच्यातून सुटले, हे डॅनिश वैद्य पीटर पानुम यांनी पाहिले. ६५ वर्षे टिकलेली ओळख! लस तीच ओळख करून देते, पण जुन्या ओळखींना धक्का लावत नाही. टोचायची ती एका आजारासाठी. राखण मात्र मुलाने तोवर कमावलेल्या साऱ्या प्रतिकारशक्तीची.