वृद्धाश्रम पुरे झाला

यंदाही दिवाळी अंक हैदराबादेत उशिरा पोचले आणि त्यांतल्या कथांमधला मुलगा यंदाही अमेरिकेतच होता. बाप कोथरूडच्या फ्लॅटमध्ये एकटा, आई फोटोत, सून फोनवर तुटक आणि शेवटी वृद्धाश्रम. घरातला विश्वासघात म्हटलं की मराठी कथेला एवढंच सुचतं, याचा आता संताप येतो. दगा देणारा इथे कायम सातासमुद्रापार आणि वाचक कायम दगा खाल्लेल्याच्या शेजारी. डोळे पुसले की कुणाचं काही देणं उरत नाही.

कथाकार जी.ए. कुलकर्णी थोर, पण माझं त्यांच्याशी जुनं भांडण आहे: त्यांच्या कथेत घरातली माणसंच एकमेकांना सोलून काढतात, खटला मात्र नियतीवर चालतो. नातेसंबंधांची ‘गुंतागुंत’ रंगवणाऱ्या शहरी कथेला यापुढे अंकात एक ओळही जागा नको.

याउलट बाबूराव बागुलांची ‘आई’ ही कथा घ्या. शाळेत आईची थोरवी, वस्तीत त्याच आईबद्दल कुजबुज, घरी तरुण विधवा आणि तिच्यामागे मुकादम. शेवटी मुलगा तिच्यापासून पळ काढतो. दगा दिला कुणी? आईनं, की तिला देवी मानून तिचं बाईपण नाकारणाऱ्या लेकानं? बागुल वाचकाला या प्रश्नातून सुटू देत नाहीत.

आणि आम्हा हैदराबादच्या मराठी माणसांच्या हाताशी तर कथाकार वाजिदा तबस्सुम होत्या. 1935 चा अमरावतीचा जन्म, शिक्षण उस्मानियात, भाषा दखनी ढंगाची उर्दू, विषय नवाबांच्या देवड्यांच्या, म्हणजे वाड्यांच्या आतला. त्यांच्या ‘उतरन’ची गोष्ट पुष्कळांना ऐकून ठाऊक असते, मीरा नायर यांनी 1996 च्या ‘कामसूत्र’ या चित्रपटासाठी तिचाच आधार घेतला. दाईची मुलगी चमकी मालकाच्या मुलीचे उतरलेले कपडे घालत वाढते. दोघी एकाच दुधावरच्या. मालकाच्या मुलीच्या लग्नाच्या आदल्या रात्री चमकी नवरदेवाकडे जाते, मग वधूला ऐकवते की आजवर मी तुझं उतरलेलं वापरलं, आता तू माझं वापर. सगळे या सुडावर खूश होतात. मला जास्त बोचते ती चमकीची आई. दिलेलं प्रत्येक जुनेर ती कृतज्ञतेनं घेते आणि मुलीनंही तोंड मिटून घ्यावं असं तिला वाटतं. शोषणाची वसुली घरात अशी आईच्या हातून होते. वाजिदांवर अश्लीलतेचा शिक्का बसला. देवडीतल्या व्यवहारावर मात्र कुणी बोट ठेवलं नाही.

तो व्यवहार संपलेला नाही. हैदराबादेत आखातातून आलेल्या पैसेवाल्यांशी लावले जाणारे निकाह सागर सरहदींनी 1982 च्या ‘बाजार’ या चित्रपटात दाखवले, तिथे मुलीचा सौदा घरचेच करतात. देवाला मुली सोडण्याविरुद्ध आंध्रात 1988 मध्ये कायदा झाला, सोडणारे पुष्कळदा आईबापच असत. मराठीत याच प्रथेवर चारुता सागरांनी ‘दर्शन’ ही कथा लिहिली. तिचाही आधार घेतलेल्या 2009 च्या ‘जोगवा’ चित्रपटाची गाणी आज सगळ्यांना पाठ आहेत, ती कथा किती जणांनी वाचली?

बीडकडे बघा. ऊसतोडीत नवराबायको मिळून एक कोयता, उचल त्या जोडीवर. म्हणून पोरीचं लग्न लवकर उरकायचं, म्हणजे बापाचं ओझं उतरतं आणि सासऱ्याच्या घरात कोयता वाढतो. पोरीच्या मजुरीचा पैसा तिच्या हाती येतच नाही. हा हिशेब मांडताना कुणी खलनायक लागत नाही. ओसरीवर बसलेली, चहा पीत बोलणारी, पोरीवर जीव असलेली माणसंच तो मांडतात. यापेक्षा भेदक कथावस्तू मराठीत दुसरी कोणती आहे? आसाराम लोमटे त्यांच्या कथांत गावातली सत्ता नेमकी पकडतात. ओसरीवरची ही सत्ताही कुणीतरी तशीच पकडायला हवी. ‘ग्रामीण’, ‘दलित’, ‘स्त्रीवादी’ असे कप्पे पाडून आपण असे विषय शहरी वाचकापासून दूर ठेवले आणि त्याला त्याचा वृद्धाश्रम दिला.

संपादकांनो, पुढच्या दिवाळीला अमेरिकेतल्या मुलाची कथा आली तर साभार परत पाठवा आणि लेखकाला विचारा: त्या मुलाच्या शिक्षणासाठी त्याच्या बहिणीचं शिक्षण कुठल्या वर्षी थांबवलं होतं? ती कथा लिहून आणली तर छापा.