राघोबाला झोप लागते का?

साताऱ्याजवळ माहुलीला वेण्णा कृष्णेला मिळते. पेशव्यांचे न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे इथले. वर वाईकडे निघालात की मेणवली लागते. तिथे नाना फडणविसांचा वाडा आणि घाट. कृष्णेच्या धारेबरोबर खाली आलात तर कऱ्हाडजवळ टेंभू, आगरकरांचं जन्मगाव. आणखी खाली खाडिलकरांची सांगली आणि तिला लागूनच वारणेच्या संगमावरचं देवलांचं हरिपूर. मराठी शोकांतिकेची कुळकथा लिहायला बसलं तर सातारा-सांगलीच्या बाहेर फारसं जावं लागत नाही. म्हणूनच या दोन जिल्ह्यांत त्या नाटकाची आज जी अवस्था आहे ती डोळ्यांत खुपते.

आपल्याकडे शोकान्त नाटक परकंच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ साली सांगलीत ‘सीतास्वयंवर’ केलं तेव्हा शेवट काय होणार हे मुलाबाळांनाही ठाऊक होतं. संस्कृत नाटकाची शिस्तही अशीच: मरण रंगमंचावर दाखवायचं नाही, शेवटी भरतवाक्य म्हणून सगळ्यांचं कल्याण चिंतायचं. अशा घरात आगरकर १८८३ मध्ये ‘विकारविलसित’ घेऊन आले, म्हणजे हॅम्लेट. आणि देवल १८९० मध्ये ‘झुंजारराव’, म्हणजे अथेल्लो. साताऱ्याचं जुनं नाव लावणाऱ्या शाहूनगरवासी मंडळीच्या गणपतराव जोश्यांनी हे परके नायक असे उभे केले की ते परके राहिले नाहीत. पुढे खाडिलकरांनी ‘सवाई माधवरावांचा मृत्यु’त हॅम्लेटची द्विधा आणि अथेल्लोचा संशय एकाच पेशव्याच्या अंगात घातला. पाहुणा घरचा झाला.

पण झुंजारराव काय, माधवराव काय, दुसऱ्याच्या कारस्थानाने बुडतात. स्वतःच्या हावेने पाप करणारा, ते पाप कळणारा आणि तरीही मागे फिरता न येणारा नायक हा वेगळा मामला आहे. मॅक्बेथ तो. शि. म. परांजप्यांनी त्याचा ‘मानाजीराव’ केला, शिरवाडकरांनी १९५४ मध्ये ‘राजमुकुट’. मराठी मातीतला मॅक्बेथ मात्र खाडिलकरांना शनिवारवाड्यातच सापडला. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी नारायणराव पेशव्याला मारलं. हुकुमातल्या ‘ध’चा ‘मा’ कुणी केला याचा वाद इतिहासकारांनी घालावा. लोकांनी तो कधीच मिटवला आहे. १९०९ च्या ‘भाऊबंदकी’त नारायणरावाचा डळमळणारा काका राघोबा आणि त्याची ठाम बायको आनंदीबाई ही जोडी आहे. तिच्यावर मॅक्बेथ दांपत्याची सावली आहे हे समीक्षक पूर्वीपासून म्हणत आले आहेत, आणि ते खरं आहे.

फरक शेवटाकडे जाताना पडतो. शेक्सपिअरच्या पाचव्या अंकात लेडी मॅक्बेथला कुणी न्यायाधीश भेटत नाही. ती झोपेत चालते, नसलेलं रक्त हातांवरून चोळत राहते. न्यायासन तिच्या आत आहे. आपल्याकडे ते बाहेरून येतं, माहुलीहून. रामशास्त्री देहान्त प्रायश्चित्त सांगतात, पुणं सोडतात, आणि नाट्यगृहाचा श्वास मोकळा होतो. १९४४ साली प्रभातच्या चित्रपटात गजानन जागीरदारांनी शास्त्रीबुवा केले आणि ते चित्र पक्कं झालं. शाळेच्या स्नेहसंमेलनात आजही ‘भाऊबंदकी’ म्हणजे एकच प्रवेश: पागोटं, उपरणं, पुढे केलेलं बोट. समोर राघोबा म्हणून वर्गातला सर्वांत बुजरा मुलगा, मान खाली घालून. त्याला वाक्यंही थोडीच येतात.

याचा दोष मी खाडिलकरांना देत नाही. राघोबाच्या मनात काटा त्यांनी ठेवला आहे. तो काढून टाकला आपण. टाळी निवाड्याला आहे म्हणून नटांची चढाओढ निवाडा करणाऱ्याच्या भूमिकेसाठी, आणि पाप करणारा नुसता निमित्त. यातून प्रेक्षकाची फार सोय होते. रामशास्त्र्यांबरोबर उभं राहायला काही द्यावं लागत नाही. राघोबाच्या शेजारी बसायचं तर आपल्याही घरातली जमिनीची वाटणी, भावाच्या नावावर न चढवलेला सातबारा आठवतो. नाटकाचं नावच ‘भाऊबंदकी’ आहे, आणि कृष्णाकाठच्या उसाच्या पट्ट्यात हा शब्द पेशवाईपुरता नाही हे कुणाला सांगायला हवं?

इतिहासही राघोबाच्या बाबतीत निर्दयपणे रटाळ आहे. तो धारातीर्थी पडला नाही, फासावर गेला नाही. इंग्रजांच्या आश्रयाने हिंडला, पदरी बदनामी घेऊन निवाड्यानंतर दहा वर्षं जगला आणि १७८३ मध्ये कोपरगावाकडे वारला. ही दहा वर्षं हाच खरा शेवटचा अंक. या वर्षांत त्या माणसाला रात्री झोप लागत होती का, याच्याशी मला रामशास्त्र्यांच्या बाणेदारपणापेक्षा जास्त कर्तव्य आहे.

या जुन्या सोयीला धक्का दिला तेंडुलकरांनी. ‘घाशीराम कोतवाल’ १९७२ मध्ये आलं. घाशीराम कोतवालीसाठी पोटची पोरगी नानापुढे करतो. ती गेल्यावर त्याला सत्तेची किंमत कळते. शेवटी जमाव दगड घेऊन येतो तेव्हा तो माराला सामोरा जातो, कारण शिक्षा कोतवालीची नसून लेकीची आहे हे एकट्या त्यालाच ठाऊक असतं. मराठी रंगभूमीवर अपराधी माणूस स्वतःचा निवाडा स्वतः करतो असे जे थोडे प्रसंग आहेत, त्यांत हा मी सर्वांत वर ठेवीन. ‘एकच प्याला’तला सुधाकरही त्याच्या खाली. आणि ज्याने हे सगळं घडवलं तो नाना? तो हुकुमावर सही करतो आणि उत्सव लावतो. इतिहासातले नाना इतके उथळ नव्हते हा आक्षेप मान्य. मेणवलीचा घाट पाहिलेल्याला तो पटतोही. पण नाटकाच्या हिशेबात माहुलीचा न्यायाधीश वजा होतो आणि निसटणारा माणूस उरतो. ते जास्त खरं वाटतं, आणि म्हणून जास्त झोंबतं.

त्यानंतर? रहिमतपूरचे वसंत कानेटकर त्याआधीच, १९६२ मध्ये, ‘रायगडाला जेव्हा जाग येते’त शिवाजीमहाराजांना थकलेला, मुलापासून दुरावलेला बाप म्हणून उभं करू शकले होते. आज तेवढंही धाडस दिसत नाही. ऐतिहासिक म्हणजे मैदानावरचं महानाट्य: घोडे, तोफा, आतषबाजी. त्यातला नायक चुकतच नाही, आणि न चुकणाऱ्याला शेवटचा अंक कसला? त्याची मिरवणूक असते. दुसरीकडे व्यावसायिक नाटक पाचावरून तीन आणि तीनावरून दोन अंकांवर आलं. मध्यंतराआधी गुन्हा, मध्यंतरानंतर उलगडा, साडेदहाला पार्किंग. पाप मुरायला वेळ लागतो. तो वेळ पूर्वी चौथ्या अंकात मिळायचा. राज्य नाट्य स्पर्धेतल्या हौशी मंडळींकडून आशा असते, पण तिथेही अपराधीभाव बहुधा लाल प्रकाशझोत, धूर आणि मागे चार काळे कपडेवाले यांच्यावर सोपवून नट मोकळा होतो. नटाने नुसतं गप्प बसून ते दाखवावं, ही मागणी कुणी करत नाही.

५ नोव्हेंबर हा रंगभूमी दिन. सांगलीत त्या दिवशी विष्णुदास भावे गौरवपदक दिलं जातं, भाषणं होतात, ‘आद्य’ हा शब्द पुष्कळदा उच्चारला जातो. ते सगळं होऊ दे. माझी विनंती सांगली-साताऱ्याच्या हौशी मंडळींना आहे: एकदा ‘भाऊबंदकी’ पूर्ण करा, तुकडा नको. आणि मंडळीतला सर्वांत चांगला नट राघोबाला द्या. रामशास्त्री कुणीही करील.